दर सीझनला नवी शिडं हवीतच का? छोट्या रेसिंग बोटीच्या 'अपग्रेड'चं गणित

फोनच्या दुनियेत दरवर्षी नवं मॉडेल येतं आणि चांगला चाललेला फोन अचानक जुनाट वाटायला लागतो. शिडाच्या बोटींच्या शर्यतींतही हाच वाद आहे. जिंकायचं तर दर सीझनला नवी शिडं घ्यावीच लागतात का? आणि तसं असेल तर खेळात टिकणार कोण, चांगला खलाशी की जास्त पैसेवाला?

उदाहरणासाठी जे/२४ ही बोट घेऊया. अमेरिकेच्या रॉड जॉनस्टोनने १९७० च्या दशकात पहिली बोट स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधली. १९७७ पासून उत्पादन सुरू झालं आणि आजवर अशा पाच हजारांहून जास्त बोटी बनल्या. लांबी २४ फूट, टीम साधारण पाच जणांची आणि खाली कील, म्हणजे बोटीला सहज उलटू न देणारा वजनदार पंख.

ही 'वन डिझाइन' बोट आहे. सगळ्यांचा सांगाडा, डोलकाठी आणि कील सारखंच. त्यामुळे पैसे ओतून फरक पाडता येईल अशी मुख्य जागा उरते ती शिडांची.

शीड जुनं होतं म्हणजे काय होतं?

शीड हे विमानाच्या पंखासारखं काम करतं. फुगवटा किती खोल आहे आणि नेमका कुठे आहे, यावर वेग ठरतो. वापरून वापरून कापड ताणलं जातं आणि फुगवटा मागे सरकतो. मग बोट जास्त कलते, पण पुढे कमी जाते. वारा ज्या बाजूने येतोय तिकडे तिरकं चढत जाणंही कठीण होतं.

गंमत म्हणजे शीड कुठेच फाटलेलं नसतं. बॅटरी हेल्थ ७० टक्क्यांवर आलेल्या फोनसारखं असतं ते. चालू आहे, पण दम नाही.

कापड कोणतं घ्यायचं?

सर्वात ओळखीचं कापड म्हणजे डेक्रॉन, म्हणजेच विणलेलं पॉलिएस्टर. ते दणकट असतं आणि दुरुस्त करायला सोपं, पण तिरक्या दिशेने ताणतं. दुसरा प्रकार लॅमिनेट. यात प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर केवलार किंवा कार्बनचे धागे चिकटवतात. आकार छान टिकतो, पण घड्या, ऊन आणि फडफड यांनी थर सुटतात. नॉर्थ सेल्सच्या थ्रीडीआय तंत्रात फिल्मच नसते. धाग्यांच्या पातळ पट्ट्या साच्यावर जोडून शीड बनवतात. मोठं फुगणारं स्पिनेकर मात्र नायलॉनचं असतं, कारण तिथे थोडा ताण सोसणारं कापडच लागतं.

पण कॅटलॉग उघडण्याआधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. कोणतं कापड चालेल हे तिथेच ठरलेलं असतं. जे/२४ च्या शर्यतीत एकच मेनसेल, एकच जेनोआ, एक जिब आणि एक स्पिनेकर नेता येतं. म्हणजे तीच जेनोआ हलक्या वाऱ्यातही चालली पाहिजे आणि जोराच्या वाऱ्यातही. फक्त एकाच वाऱ्यात पळणारं शीड इथे महागात पडतं. पाणी सपाट असेल तर चपटं शीड बरं. लाटा असतील तर थोडं खोल, म्हणजे जास्त ताकदीचं हवं.

मर्यादा घालावी की नको?

वर्षाला किती नवी शिडं घ्यायची, यावर अनेक वर्गांनी मर्यादा घातली आहे. विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही. रोज सराव करणाऱ्याची शिडं लवकर झिजतात, म्हणजे मेहनत करणाऱ्यालाच शिक्षा. पण त्यावर उपाय आहे: सरावाला जुना सेट, शर्यतीला नवा. मर्यादा नसेल तर मात्र कमी बजेटवाल्याला काहीच उपाय उरत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर कीलबोटी ऑलिम्पिकमध्ये नाहीत. या बोटी चालतात मुख्यतः मालकांच्या आणि क्लबच्या खिशातून. खर्च वाढला की बोटी किनाऱ्यावर पडून राहतात आणि शर्यतच उरत नाही.

मर्यादेने खेळ मिळमिळीत होतो का? गोल्डन ग्लोब रेसमध्ये कार्बन, केवलारसारख्या आधुनिक साहित्याला बंदी आहे. २०२२-२३ च्या त्या शर्यतीत अभिलाष टॉमी दुसरा आला. बोट वेगळी, अंतर पृथ्वीप्रदक्षिणेचं, पण साधं कापड असूनही चुरस कमी झाली नाही.

खरेदीआधी फोन काढा

बहुतेक रेसिंग शिडांवर आडव्या गडद पट्ट्या असतात. शिडाच्या खालच्या कडेच्या मधोमध बसून वर बघत फोटो काढा. एका पट्टीची दोन टोकं सरळ रेषेने जोडा. त्या रेषेपासून सर्वात खोल जागा किती दूर आहे ते मोजा आणि रेषेच्या लांबीने भागा. रेष २००० पिक्सेल आणि खोली २४० पिक्सेल, म्हणजे फुगवटा १२ टक्के. ती खोल जागा पुढच्या कडेपासून किती टक्क्यांवर आहे, तेही लिहून ठेवा.

दर दोन महिन्यांनी, तेवढ्याच वाऱ्यात आणि तेवढ्याच ताणावर हेच करा. खोल जागा ४५ वरून ५५ टक्क्यांवर गेली असेल तर शीड थकलंय. तरी लगेच ऑर्डर देऊ नका. शीड बनवणाऱ्याला फोटो दाखवून विचारा, शिवण उसवून आकार सुधारता येईल का?

पैसे एकाच शिडापुरते असतील तर साधारणपणे जेनोआ आधी घ्या. दर वळणाला ती डोलकाठीवर घासते आणि सगळ्यात आधी झिजते. मुंबईत सेलिंगचा सीझन पावसाळ्यानंतर सुरू होतो, म्हणून ऑर्डर पावसाळ्यातच द्या. आणि सीझन संपला की शिडं गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळून ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही आणि पुढची खरेदी बरीच लांबते.