पायवाटेवरून : पावसाचें जाणें

पावसाच्या येण्याचा आपण जितका गाजावाजा करतों, तितका त्याच्या जाण्याचा करीत नाहीं. मृग केव्हां लागतो, केरळांत पाऊस उतरला कीं नाहीं, मुंबईस कधीं पोहोंचला, याची चर्चा ज्येष्ठापासून घरोघर चालते. परंतु तो निघाला केव्हां, कोणत्या वाटेनें निघाला, याची विचारपूस क्वचितच होते. पाहुणा आला असतां सर्व घरानें धांवावें आणि निघतांना त्याला उंबऱ्यापर्यंत पोंचवावयासही कोणी उठूं नये, तसा हा प्रकार आहे. वस्तुतः पावसाचें जाणें हें त्याच्या येण्याहून अधिक निवांतपणें पाहतां येतें. आणि ज्यांना पुण्यासारख्या टेकड्यांच्या गांवीं राहण्याचें भाग्य लाभलें आहे, त्यांना तर तें पहाटेच्या फिरण्यांत डोक्यावर आणि पायांखालीं, दोहींकडे दिसतें.

पाऊस गेला असें केव्हां म्हणावयाचें, याचे हवामानखात्यानें नियम केलेले आहेत. १ सप्टेंबरनंतर राजस्थानच्या वायव्य भागांत सलग पांच दिवस पाऊस पडूं नये, हवेच्या खालच्या थरांत प्रतिचक्रवात बसावा, म्हणजे वारे चक्रीवादळाच्या उलट दिशेनें फिरूं लागावे, आणि बाष्प पुष्कळ घटावें. हीं तिन्ही लक्षणें जमलीं म्हणजे पाऊस परत फिरला. ज्या प्रांतास तो सर्वांच्या शेवटीं भेटला, त्याचाच निरोप तो प्रथम घेतो, ही यांतली गंमत. हें खातें १८७५ सालीं स्थापन झालें आणि त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ असेंच म्हणतात. येऊन शंभर वर्षें होत आलीं तरी बाहेरून आलेल्यास बाहेरचाच म्हणावयाचें, हें आमच्या गांवाच्या स्वभावास धरूनच आहे.

आतां प्रत्यक्ष फिरण्याविषयीं. पुण्यांत टेकड्या पुष्कळ. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी सर्वांत सोयीची, आणि तिला इतिहासही आहे. १२ जून १९०५ रोजीं पहाटे नामदार गोखले व त्यांचे सहकारी यांनीं भारतसेवक समाजाची शपथ घेतली ती याच टेकडीवर. परंतु शरदाचें खरें दर्शन घ्यावयाचें असेल तर वेताळ टेकडीवर जावें. तिचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर, म्हणजे शहराहून दोनशें मीटरांच्यावर उंच आहे, आणि वरचें पठार मोकळें आहे. निघावें मात्र पहाटे पांचाच्या सुमारास. सूर्य वर आल्यावर आश्विनांतल्या टेकडीवर जाणें ही हौस तरुणांनींच करावी.

पहाटे पांच वाजतां घराबाहेर पडून प्रथम दक्षिणेकडे पाहावें. व्याधाचा तेजस्वी तारा चांगला उंच आलेला असतो. त्याच्या सरळ खालीं, क्षितिजापासून फारशी वर नसलेली दुसरी तेजस्वी तारका दिसते, ती अगस्ति. ऑक्टोबरच्या मध्यास ती या वेळीं जवळजवळ नेमकी दक्षिणेस असते. अगस्तीचा उदय झाला कीं गढूळ पाणी निवळतें, अशी आपल्याकडे प्राचीन समजूत आहे. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवलेलें आणि अगस्तीनें निर्विष केलेलें जें पाणी त्याला आयुर्वेदानें हंसोदक असें सुंदर नांव दिलें. तारका कांहीं पाण्यांत हात घालीत नाहीं. पावसाचा जोर ओसरतो, ओढ्यांचा वेग मंदावतो, गाळ तळीं बसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत ती तारका पहाटे दिसूं लागलेली असते. परंतु ज्यांनीं हीं दोन्ही एकदम पाहून एकत्र बांधलीं ते रोज पहाटे उठून बाहेर पाहणारे लोक होते, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

त्याच वैद्यकानें शरदाला पित्तप्रकोपाचा काळ मानलें आहे. पुण्याचेंच उदाहरण घ्या. ऑगस्टांत दिवसाचें कमाल तपमान सरासरीनें २८ अंशांच्या आसपास असतें, तें ऑक्टोबरांत ३२ अंशांच्या घरांत जातें. उलट रात्रीचें किमान २१ वरून १९ कडे उतरतें. ढगांचें पांघरूण निघालें, म्हणून दिवसा ऊन थेट लागतें आणि रात्रीं जमिनीची ऊब थेट आकाशांत निघून जाते. त्यांत जमीन अजून ओली असते, वारा पडलेला असतो, म्हणून दुपार नुसती तापत नाहीं, ती उकडते. सकाळीं शाल आणि दुपारीं पंखा, असा हा ऋतु. घरांतल्या वडीलमाणसांनीं आणि लहानांनीं या महिन्यांत विशेष जपावें. भरीस भर म्हणजे डेंग्यूचा डांस हा स्वच्छ साचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. तेव्हां तुळशीच्या कुंडीखालची थाळी, गच्चीवरची फुटकी बादली यांतलें हंसोदक आठवड्यांतून एकदां अवश्य ओतून द्यावें.

टेकडीच्या पायथ्याशीं चालूं लागतांच एक चमत्कार अनुभवास येतो. आपण समजतों कीं उंच जावें तसें गार वाटावें; परंतु निरभ्र रात्रीनंतरच्या पहाटे नेमकें उलट असतें. थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खालीं वाहते आणि खोलगट भागांत सांचते. त्यामुळें पायथ्याच्या ओहोळापाशीं अंगावर कांटा येतो आणि माथ्यावर मात्र ऊब लागते. उजाडल्यावर वरून पाहिलें तर मुठेच्या खोऱ्यावर पांढरट थर पसरलेला दिसतो. तो निव्वळ धुक्याचा असता तर किती बरें झालें असतें! खालची गार हवा वर चढत नाहीं म्हणून गांवाचा धूरही तेथेंच कोंडून राहतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून एकदां टेकडीवर या, आणि आपल्या वाड्यावस्तींतल्या फटाक्यांचा धूर कोठें जातो तें पाहा. तो कोठेंच जात नाहीं. हें दृश्य मुलांना एकवार दाखविलें म्हणजे दहा वेळां रागें भरण्याचें काम पडत नाहीं.

वर पोहोंचल्यावर पायवाटेवर शेंपटी वरखालीं नाचवीत एक सडपातळ पांखरूं दिसेल. आपण त्याला धोबी म्हणतों. संस्कृतांत हाच खंजन. हिमालयांतून आणि त्याही पलीकडून धोबी हिंवाळ्यासाठीं इकडे येतात. करडा धोबी त्यांत आधीं, सप्टेंबरांतच हजर होतो. याचें प्रथम दर्शन कोठें व कसें झालें यावरून शुभाशुभ ठरविण्यासाठीं वराहमिहिरानें बृहत्संहितेंत एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. फलें आज कोणी मानावयाचें कारण नाहीं. परंतु पहिला खंजन कोणत्या दिवशीं दिसला याची नोंद दरवर्षीं दिनदर्शिकेवर अवश्य करावी. घरांत चारपांच वर्षांच्या अशा नोंदी असल्या म्हणजे त्यांतून पुष्कळ बोलणें निघतें. आमच्या घरीं या एका तारखेवरून आजोबा व नातवंडें यांच्यांत दरसाल पैज लागते, आणि ती नातवंडेंच जिंकतात, कारण त्यांचे डोळे चांगले आहेत.

भाद्रपदांतली पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा आतां सरत आलेलीं असतात. तेरड्याच्या पिकल्या बोंडास बोट लावतांच तें फुटून बीं उडतें. कुरडूचे रुपेरी-गुलाबी तुरे मात्र अजून ताठ उभे असतात. पण या महिन्याचें मुख्य धन म्हणजे गवत, आणि गवतांत कुसळी. तिनें धोतर, मोजे, पातळाचे कांठ सर्व भरून जातात, आमची सूनबाई तर दारांतूनच सांगते, “अण्णा, मोजे बाहेर काढा, मग आंत या.” तें कुसळ काढून फेंकूं नये. तळहातावर ठेवावें आणि पाण्याचा एक थेंब सोडावा. पहिल्यानें हा प्रयोग पाहिला तेव्हां नात ओरडली, “आजोबा, हें जिवंत आहे!” कारण तें आपण होऊन फिरूं लागतें. त्याच्या लांब शेंपटाचा भाग दोरीप्रमाणें पिळलेला असतो. ओलाव्यानें पीळ सुटतो, उन्हानें पुन्हां बसतो. रात्रीं दंव आणि दिवसा ऊन अशी आलटूनपालटून फिरकी मिळत गेली कीं टोकदार बीं स्क्रूसारखें भुईंत शिरतें. शरदांत दिवस आणि रात्र यांत इतकें अंतर कां, याचा सर्वांत चांगला उपयोग या तृणानें करून घेतला आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. हस्त नक्षत्रांत सूर्य सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास जातो. मुली पाटावर हत्ती काढून त्याभोंवतीं भोंडल्याचा फेर धरतात तो याच हस्ताचा. हत्तीचा पाऊस हा जातां जातां पडणारा, गडगडाटाचा आणि मोजका, अशी आपली कल्पना. त्यानें भिजलेल्या जमिनींतल्या ओलीवर सोलापूरकडची रब्बी ज्वारी वाढते, आणि माघापर्यंत आपल्या ताटांत भाकरी व हुरडा येतो. हें गणित आतां डळमळूं लागलें आहे. याचें खापर कोणी पंचांगावर फोडतात, तें खरें नव्हे. निरयन नक्षत्रें ऋतूंच्या मानानें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतात. वराहमिहिरापासून आजपर्यंत तीन आठवडे. ही चाल इतकी मंद आहे कीं एका माणसाच्या आयुष्यांत ती जाणवावयाची नाहीं. आपल्याला जें जाणवतें आहे तें निराळें आहे.

पावसाच्या परतीच्या जुन्या सरासरी तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर बसविलेल्या होत्या. २०२० सालीं हवामानखात्यानें नव्या नोंदींवरून त्या बदलल्या. राजस्थानांतून परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबर होती ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईची २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पूर्वी हस्त लागतां लागतां मुंबईचा पाऊस आटोपे, तो आतां चित्रा नक्षत्राच्या दारापर्यंत रेंगाळतो. ही झाली सरासरी. २०१९ सालीं तर तो राजस्थानांतूनच ९ ऑक्टोबरला हालला. त्याच सालच्या २५ सप्टेंबरच्या रात्रीं कात्रजच्या बाजूस असा कांहीं कोसळला कीं आंबिल ओढ्याला पूर येऊन, भिंती पडून, पुण्यांत व आसपास वीसाहून अधिक माणसें दगावलीं. २०२० च्या ऑक्टोबरांत बंगालच्या उपसागरांतलें वादळी क्षेत्र जमिनीवरून थेट महाराष्ट्रांत आलें आणि पंढरपूर-सोलापूरकडे पुरानें कहर केला. कापून ठेवलेला सोयाबीन शेतांतच भिजला. हवा जितकी तापते तितकें बाष्प ती अधिक धरून ठेवते, आणि सोडते तेव्हां एकदम सोडते, हें यामागचें एक मुख्य कारण शास्त्रज्ञ सांगतात. शहरी वाचकांस भोंडल्याची खिरापत ओसरीवर हलवावी लागते एवढीच अडचण. पण ज्याची पेरणी वाफसा नसल्यामुळें लांबली, त्याची थंडी पुढें कमी पडते आणि दाणा भरत नाहीं.

अशा पावसाला थोपवून जिरवणारें जें कांहीं गांवांत उरलें आहे, त्यांत या टेकड्या प्रथम येतात. म्हणून त्यांच्याविषयीं दोन स्पष्ट शब्द बोलणें अवश्य वाटतें. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीच्या अंगावरून रस्ता आणि पोटांतून बोगदे काढण्याचे बेत महापालिकेनें मांडले, त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलांत नागरिकांनीं मोर्चा काढला. विधि महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी खोटी नाहीं. तींत रुग्णवाहिका अडकतांना मीही पाहिल्या आहेत. परंतु रस्त्यानें गर्दी मिटते असा पुण्याचा अनुभव नाहीं, आणि फोडलेला खडक परत सांधतां येत नाहीं.

दुसरें म्हणणें कित्येकांस रुचणार नाहीं. दर पावसाळ्यांत उत्साही मंडळी टेकडीवर खड्डे खणून झाडें लावतात. हेतु उत्तम. पण पुण्याच्या टेकड्या स्वभावतः गवताच्या आणि तुरळक कांटेरी झाडांच्या आहेत. पाऊस येथें कमी, मातीचा थर पातळ. येथें दाटीनें लावलेलें गिरिपुष्प मध्य अमेरिकेंतून आलेलें झाड आहे. त्याच्या दाट सावलींत कुसळी उगवत नाहीं आणि चंडोलाला भुईंवर घरटें करावयास जागा राहत नाहीं. गवत म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत सरकारी दप्तरांतून आपल्या डोक्यांत शिरली आहे. पहिल्या सरीचें पाणी धरून ठेवणारीं मुळें त्या गवताचींच असतात. झाड लावावयाचें तर बाभूळ, हिंवर, आपटा यांसारखें इथलें लावावें, आणि पठाराचा मोकळेपणा तसाच राहूं द्यावा. दसऱ्याला आपट्याचीं पानें ओरबाडण्यापेक्षां एक आपटा जगविलेला काय वाईट?

कार्तिक लागला कीं हें गवत पिवळें होईल आणि एका विडीच्या थोटकानेंही पेटेल. वणवा पसरूं नये म्हणून गवत काढून जाळरेषा आंखतात, त्या फिरतांना ओळखून ठेवाव्या. धूर दिसला तर अग्निशामक दलास १०१ वर कळवावें, आणि वाऱ्याच्या दिशेनें खालीं न धांवतां त्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन उभें राहावें. पुढील अंकांत थंडीच्या फिरण्याविषयीं लिहूं. तोंवर ज्यांच्या घरांतून अगस्ति दिसत नाहीं, त्यांनीं कोजागिरीनंतरच्या आठवड्यांत पहाटे गच्चीवर जाऊन दक्षिणेकडची इमारत किती मजल्यांची आहे तें मोजून पाहावें.