चेहरा वाचण्याची परीक्षा

काही वर्षांपूर्वी सप्तापूरमधील माझ्या दवाखान्यात सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई व आजी आल्या. मुलाला इतरांच्या भावना उमगत नाहीत, स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासावे, असे शाळेचे पत्र सोबत होते. मी संग्रहातील सहा छायाचित्रे त्याच्यापुढे मांडली. प्रत्येकाखाली तेच सहा इंग्रजी शब्द. दोन उत्तरे बरोबर आली. तशी नोंद मी केली. निघताना आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मी रुसले की हा मुकाट्याने पाणी आणून देतो." ते मी ऐकले, लिहिले मात्र नाही.

या मुलाच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी. पुढील भेटीत तीच छायाचित्रे दाखवून मी मराठीत विचारले. पाच उत्तरे बरोबर आली. चुकले ते एकच: भयाला तो आश्चर्य म्हणाला, आणि ही गल्लत मोठी माणसेही हमखास करतात. मग पहिल्या दिवशी मी मोजले काय होते? त्याची भावनांची जाण, की त्याचा इंग्रजी शब्दसंग्रह?

पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी १९७६ मध्ये ११० कृष्णधवल छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला. आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस, आश्चर्य या सहा भावना त्यात आहेत. नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभावांमधून रती व उत्साह वगळले, तर जवळजवळ हीच यादी उरते! सायमन बॅरन-कोहेन यांच्या २००१ च्या सुधारित चाचणीत केवळ डोळ्यांची ३६ छायाचित्रे असून प्रत्येकासाठी चार शब्दांतून एक निवडायचा असतो. तिच्यासोबत शब्दार्थांची यादीही द्यावी लागते, यातच सारे आले. आणि आपला 'रुसवा' त्यांच्या कोणत्या शब्दात बसवायचा?

चेहऱ्यांचाही प्रश्न आहेच. हिलरी एल्फेनबाइन व भारतीय वंशाच्या नलिनी अंबाडी यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. भावना परक्या समूहातही बऱ्याच अंशी ओळखता येतात, परंतु स्वसमूहातील चेहऱ्यांवर अधिक अचूक ओळखल्या जातात, असे त्यांना आढळले. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये भारतीय नटांचे चेहरे घेऊन 'ट्रेंड्स' हा संच सिद्ध झाला व २००८ मध्ये त्याची प्रमाणता तपासली गेली. त्यात स्थिर छायाचित्रांबरोबर हलती दृश्येही आहेत, हे मला विशेष वाटते. घरात कोणी चेहरा गोठवून बसत नाही. मात्र तो मनोविकारांच्या रुग्णांसाठी योजलेला आहे, शाळकरी मुलांसाठी नव्हे.

गुणांकनाविषयी व्यवसायबंधूंना एक सांगावेसे वाटते. सहा पर्यायांत केवळ अंदाजाने सहापैकी एक उत्तर बरोबर येते. शिवाय जो प्रत्येक चेहऱ्याला 'रागावलेला' म्हणतो, त्याला क्रोधात शंभर टक्के गुण पडतात! म्हणून एखादा शब्द किती वेळा अस्थानी वापरला, हेही हिशेबात धरावे. वॅग्नर यांनी १९९३ मध्ये त्याचे सूत्र दिले आहे. वयाचे भान तर हवेच. आनंद मुलांना लवकर ओळखता येतो, भय व किळस उशिरा. ही जाण कुमारवयापर्यंत वाढत राहते. उतारवयात क्रोध, दुःख व भय ओळखणे मंदावते, किळस मात्र सहसा टिकून राहते. तेव्हा आजोबांना सुनेचा राग कळला नाही, तर तो नेहमी हेकेखोरपणाच असतो असे नाही.

धारवाडात डिमहॅन्स आहे, विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे, आणि नटांना तर येथे कधीच तोटा नव्हता. इथले चेहरे, कन्नड व मराठी शब्द आणि वयोगटानुसार सर्वसाधारण मुलांचे गुण, एवढे जमवणे आवाक्याबाहेरचे नाही. ते होईपर्यंत केवळ अशा चाचणीच्या आकड्यावर कोणत्याही मुलाच्या कागदावर निदान लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुलाची पहिली नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवी तारीख घालून दुसरी लिहिली, आजींचे वाक्य जसेच्या तसे उतरवले आणि दोन्ही नोंदी शाळेला पाठवल्या.