दयाळू मालक की न्यायी महापौर?

पैसेवाला माणूस निवडणुकीस उभा राहिला की आपण लगेच म्हणतो, "आता हा घातलेला पैसा दामदुपटीने वसूल करणार!" अनुभवही बहुधा तसाच येतो. परंतु अमेरिकेतील टोलेडो शहराचे महापौर सॅम्युएल जोन्स यांच्याविषयी वाचले, आणि हा प्रश्न मला वाटतो तितका सोपा नाही असे ध्यानात आले.

जोन्स यांचा जन्म १८४६ साली वेल्समधील एका गरीब घरात झाला. ते तीन वर्षांचे असताना आईवडील पोटासाठी अमेरिकेत आले. शाळा जेमतेम अडीच वर्षे. लहानपणीच शेतावर मजुरी, पुढे पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रात कष्टाची कामे. ओहायोत तेल लागले आणि नशीब पालटले. १८९४ मध्ये त्यांनी टोलेडोला तेलविहिरींच्या पंपांना लागणाऱ्या सळयांचा कारखाना काढला. मंदीचा काळ होता. कामासाठी गयावया करणारी धडधाकट माणसे पाहून ते हादरले. इतर कारखान्यांत नियमांच्या लांबलचक याद्या टांगलेल्या असत. जोन्स यांनी एकच नियम लावला : लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्यांच्याशी वागावे. हाच बायबलातील 'सुवर्णनियम'. आठ तासांचा दिवस, पगारी रजा, नाताळाला बोनस. लोक त्यांना 'गोल्डन रूल जोन्स' म्हणू लागले.

मित्रहो, एवढ्यावर आपण टाळ्या वाजवतो. मला मात्र दयाळू मालकाची थोडी धास्तीच वाटते. माझे वडील आडतीवर हमाल आहेत. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्यांच्या शेठजींनी भरली. शेठजी मनाने चांगले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण त्या दिवसापासून वडील जास्तीची पोती उचलतात आणि मजुरीचा शब्द काढीत नाहीत. उपकाराचे ओझे पोत्याहून जड असते. ते तोलायला काटा नाही! आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला तो काही उगीच नव्हे. मालक चांगला निघाला तर मजुराचे बरे, वाईट निघाला तर हाल, ही व्यवस्थाच मुळात चुकीची आहे.

जोन्स मला मोठे वाटतात ते इथे. आपल्या कारखान्याच्या भिंतीआड चाललेल्या चांगुलपणावर ते समाधान मानून बसले नाहीत. १८९७ मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे महापौर झाले आणि आठ तासांचा दिवस त्यांनी नगरपालिकेच्या नोकरांनाही लागू केला. मुलांसाठी क्रीडांगणे आणि मोफत बालवाड्या सुरू झाल्या. ट्राम, दिवाबत्ती या सोयी खासगी कंपन्यांच्या नव्हे, तर शहराच्या मालकीच्या असाव्यात असा त्यांचा आग्रह होता. तेलाचा व्यापारी हे बोलतो, याची पक्षातल्या लोकांना किती चीड आली असेल! १८९९ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ७० टक्के मते घेऊन निवडून आले.

पोलिसांच्या हातातील जड दंडुके काढून त्यांनी हलक्या छड्या दिल्या. पोलीस न्यायाधीश गैरहजर असल्यास महापौराने त्या खुर्चीत बसावे अशी तेव्हा सोय होती. जोन्स बसत आणि भिकारी, दारुडे, वेश्या यांना बहुधा सोडून देत. दंड भरणारा घरी जातो, न भरणारा तुरुंगात. मग शिक्षा गुन्ह्याची की गरिबीची? हा त्यांचा सवाल होता. धर्मोपदेशक संतापले, कारण दारूचे गुत्तेही ते बंद करीनात. या एका बाबतीत मी धर्मोपदेशकांच्या बाजूचा आहे. आमच्या वस्तीत गुत्त्याने काय केले, ते मी पाहिले आहे. असो.

कोणी म्हणेल, महापौर झाले तरी ही एका भल्या माणसाची मर्जीच ना? आक्षेप खरा आहे. पण मालकाला मजूर बदलू शकत नाही, महापौराला मतदार बदलू शकतो. टोलेडोच्या लोकांनी १९०१ आणि १९०३ मध्येही त्यांनाच निवडले. राज्याच्या विधिमंडळाने मात्र महापौराचा न्यायासनावर बसण्याचा अधिकारच काढून घेतला. १९०४ च्या जुलैत जोन्स महापौरपदावर असतानाच वारले. पुढल्याच वर्षी त्यांचे सहकारी ब्रँड व्हिटलॉक अपक्ष म्हणूनच त्या जागी निवडून आले.