नोकरी, चित्रांचा क्लास आणि उरलेला वेळ



शुक्रवारी रात्री साडेनऊला लॅपटॉप बंद करून लगेच दुसऱ्या दिवशीच्या क्लाससाठी ड्रॉइंग शीट मोजत बसणारी कुणी तुमच्यात आहे का? ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत जिला ब्रश सापडतात अशी? असेल तर आजचा लेख तिच्यासाठीच आहे. आणि तुम्ही चित्रांऐवजी गाणं, कथ्थक, भरतकाम किंवा रांगोळी शिकवत असाल, तरीही वाचा. नोकरी करून कला शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांचं दुखणं साधारण सारखंच असतं.

मी वडोदऱ्यात राहते. सोमवार ते शुक्रवार एका एजन्सीत कंटेंट लिहिते. कधी गाद्यांबद्दल, कधी गृहकर्जाबद्दल, कधी केसांच्या तेलाबद्दल. शिक्षण बी. ए. इंग्लिश. चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही, पण शाळेपासून वहीच्या शेवटच्या पानांवर मी चित्रंच काढत आले. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, "मुलांना घेऊन दोन तास बसशील का गं?" चार मुलांपासून सुरुवात झाली. बघता बघता तीन बॅचेस आणि अठरा मुलं झाली. बुधवार संध्याकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ. शिवाय कुणाची नेमप्लेट, कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या बाळाच्या बारशाचा बोर्ड. लोक म्हणायचे, "किती छान, नोकरीपण आणि आवडपण!" मलाही तसंच वाटायचं.

आणि मग जूनमधला एक शनिवार आला.

एक तपकिरी आकाश

त्या आठवड्यात ऑफिसमध्ये रोज उशीर होत होता. शुक्रवारी रात्री एक वाजेपर्यंत मी एका क्लायंटचे बदल करत होते. शनिवारी मुलांना विषय दिला, "पाऊस येण्याआधी". सात वर्षांच्या एका मुलीने वॉटर कलरने अख्खं आकाश तपकिरी रंगवलं. महिनाअखेरीला पालकांसाठी भिंतीवर चित्रं लावायची होती आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी तिच्या हातातला ब्रश घेतला, "आकाश असं नसतं गं" म्हणाले आणि वरून निळा फिरवला. तपकिरीवर निळा गेल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सगळा चिखल झाला.

ती काही बोलली नाही. पुढचे दोन शनिवार ती आली नाही. मग तिच्या आईचा मेसेज आला, "ती म्हणते की दीदीला माझं चित्र आवडत नाही."

तो मेसेज मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून वाचला. घरी जाताना आठवलं, की आमच्याकडे पहिल्या पावसाआधी धुळीचं वारं सुटतं तेव्हा आकाश खरोखरच तपकिरी दिसतं. तिने बघून काढलं होतं. न बघणारी मीच होते.

मी त्यांच्या घरी जाऊन तिला सॉरी म्हटलं. तिने विचारलं, "पण ते आता पुसता येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." ती परत यायला लागली, पण नव्या कागदावर तिने पुन्हा आकाश काढलं नाही. मांजर काढलं.

त्या रात्री मी माझी स्केचबुक उघडली. शेवटच्या चित्राखाली नोव्हेंबरची तारीख होती. म्हणजे सात महिने मी अठरा मुलांना "निरीक्षण करा" असं सांगत होते आणि स्वतः कशाकडेही बघितलेलं नव्हतं.

नोकरी सोडू का?

पहिला विचार हाच आला. तुमच्याही मनात येत असेल. मी वही घेऊन हिशेब मांडला, आणि तो जसाच्या तसा तुम्हाला सांगते.

अठरा मुलं, प्रत्येकी सातशे रुपये फी, म्हणजे महिन्याला १२,६०० रुपये. कागद, सामायिक रंग, टिश्यू, झेरॉक्स यांचे १,८०० वजा केले की १०,८०० उरतात. पण हे पूर्ण भरलेल्या महिन्याचं गणित. मार्चमध्ये परीक्षा असतात. मे महिन्यात अर्धी मुलं गावाला जातात. नवरात्रात वडोदऱ्यात गरब्याशिवाय दुसरं काही होत नाही, मी स्वतःच क्लास बंद ठेवते. मग दिवाळी. वर्षातले चार महिने निम्मेच पैसे धरले, तर सरासरी महिन्याला ९,००० पडतात. घराच्या हप्त्यातला माझा वाटा आठ हजारांचा आहे. झालं, उरले हजार.

म्हणजे एका बॅचचे महिन्याला सरासरी तीन हजार. नोकरी सोडून फक्त क्लासवर जगायचं तर मला आठवड्याला नऊ-दहा बॅचेस घ्याव्या लागतील. मग स्वतःच्या चित्रांसाठी वेळ कुठून येणार?

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. चित्रकला शिकवणं, ऑर्डरची चित्रं काढणं आणि स्वतःचं चित्र काढणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. आपण तिघांनाही "माझी कला" म्हणतो, म्हणून फसगत होते. पहिल्या दोन कामांची कुणीतरी वाट बघत असतं. मुलं वेळेवर येतात, पत्रिकेला मुहूर्त असतो. तिसऱ्याची वाट कुणीच बघत नसतं, म्हणून ते कायम उरलेल्या वेळावर ढकललं जातं. आणि बायकांच्या दिवसात उरलेला वेळ किती असतो, हे मी तुम्हाला काय सांगणार!

हिशेबनीस आणि डॉक्टर

माझ्याच शहरातलं एक उदाहरण मला या काळात फार उपयोगी पडलं. चित्रकार भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, १९३४ चा. शिक्षणाने ते चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये वडोदऱ्याला आले, इथल्या फाइन आर्ट्समध्ये कलासमीक्षेचा अभ्यास केला, आणि पुढे कितीतरी वर्षं हिशेबनिसाची अर्धवेळ नोकरी करत चित्रं काढत राहिले. १९७२ च्या सुमाराच्या त्यांच्या चित्रांत घड्याळं दुरुस्त करणारा आहे, न्हावी आहे. रोज आपापल्या जागी बसून काम करणारी साधी माणसं. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं नाव सुधीर पटवर्धन. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट झाले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ती प्रॅक्टिस केली, आणि त्याच काळात मुंबई-ठाण्याच्या कामगारांची, रस्त्यांची, लोकलमधल्या माणसांची चित्रं काढली. आज आधुनिक भारतीय चित्रकलेबद्दल बोलताना त्यांचं नाव घ्यावंच लागतं.

मी काही खख्खर किंवा पटवर्धन नाही, आणि दोघांच्याही घरी कुकर कोण लावत होतं हे मला माहीत नाही! पण माझा एक गैरसमज त्यामुळे गेला. नोकरी करणारा माणूस अर्धाच कलाकार असतो, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. हप्ता पगारातून जातो, म्हणूनच कुणी न मागितलेलं चित्र काढायची मुभा मला मिळते.

मी काय बदललं

नोकरी ठेवायची हे ठरल्यावर बाकीचं पुन्हा मांडलं. प्रत्येकीचं घर वेगळं असतं, त्यामुळे यातलं तुम्हाला जे लागू पडेल तेवढंच घ्या.

बुधवारची बॅच बंद केली. हे सगळ्यांत अवघड होतं. पालकांना महिनाभर आधी सांगितलं. शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या, तिथे दोघांना घेतलं. बाकीच्या चौघांना जवळच क्लास घेणाऱ्या एका ताईंचा नंबर दिला. आता बारा मुलं आहेत. फी आठशे केली. भरलेल्या महिन्यात हाती ८,४०० येतात, म्हणजे आधीपेक्षा २,४०० कमी. बाहेरचं जेवण आणि दोन-तीन ऑनलाइन खरेद्या थांबवल्या की त्यातले बरेचसे भरून निघतात. सगळे नाही, हेही खरं सांगते.

तयारी गुरुवारी करते, शुक्रवारी नाही. शुक्रवार हा ऑफिसचा असतो, तो कधी किती लांबेल ते सांगता येत नाही. गुरुवारी रात्री अर्धा तास. महिन्याचा एकच विषय आणि दोन्ही बॅचेसना तोच. लहानांना ऑइल पेस्टल, मोठ्यांना वॉटर कलर. कागद, टेप, पाण्याची भांडी, जुनी वर्तमानपत्रं असं सगळं एका पेटीत भरलेलं असतं. शनिवारी फक्त पेटी उघडायची.

ऑर्डरी महिन्याला दोनच घेते. निम्मे पैसे आधी. नातेवाईकांनाही हाच नियम. "आपलीच तर आहेस, काढून दे ना पटकन" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना या नियमाची किंमत कळेल. मावशीला पहिल्यांदा "मावशी, या महिन्यात नाही जमणार" म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. मावशी म्हणाली, "बरं, मग पुढच्या महिन्यात दे." एवढंच.

ऑफिसला लेखी कळवलं. तुमचं नेमणूकपत्र एकदा नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी दुसरं मिळकतीचं काम करण्याबद्दल अट असते. मी ईमेल करून शनिवार-रविवारच्या क्लासची परवानगी घेतली. क्लासचं कोणतंही काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करत नाही. आणि क्लासचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवते. रक्कम लहान असली तरी ती वहीत असू द्या, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये धांदल होत नाही.

भिंतीवर चित्रं लावणं बंद केलं. आता प्रत्येक मुलाची एक फाइल आहे. पालक हवं तेव्हा येऊन बघतात. भिंत गेली तशी माझी "सुधारायची" घाईसुद्धा गेली. मुलांच्या कागदाला माझा ब्रश लागत नाही. काही दाखवायचं असेल तर शेजारच्या कोऱ्या कागदावर दाखवते.

आणि ते तिसरं काम

सकाळी सव्वासहा ते सात मी स्वतःची चित्रं काढते. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. फोन दुसऱ्या खोलीत. आईला सांगून ठेवलंय की या वेळात मला घरी नाही असं समज. पहिल्या आठवड्यात ती दोनदा दार उघडून "चहा ठेवलाय" सांगून गेली. आता ती चहाचा कप स्टुलावर ठेवते आणि न बोलता जाते.

महिन्यातून एका रविवारी सकाळी लवकर खंडेराव मार्केटला जाते. क्लास दहाला असतो, त्याआधी तासभर. तिथल्या फुलवाल्यांची चित्रं काढायचा माझा बेत आहे. झेंडूचे ढीग, ओवणारे हात, तराजू. एकूण चोवीस चित्रं करायची ठरवलंय. आतापर्यंत नऊ झाली आहेत, त्यातली दोन बरी आहेत. कुणी मागितलेली नाहीत, विकायची नाहीत, प्रदर्शनाचंही काही ठरलेलं नाही.

सगळं सुरळीत चाललंय असं समजू नका. दिवाळीच्या जाहिरातींच्या दिवसांत तीन आठवडे सकाळचा तास पूर्ण बुडाला. गेल्या महिन्यात एक रविवार क्लास रद्द करावा लागला, एका पालकांनी नाराजी दाखवली आणि ती बरोबरच होती. पण आता काही बुडालं तर नेमकं काय बुडालं ते मला कळतं. पूर्वी सात महिने गेले तरी पत्ता नव्हता.

मैत्रिणींनो, एक छोटंसं काम सांगते. आज रात्री तुमची वही, पेटी, घुंगरू, सुई-दोरा जे काही असेल ते काढा आणि बघा, कुणीही न मागितलेलं, फक्त स्वतःसाठी असं तुम्ही शेवटचं कधी केलं होतं. तारीख जुनी निघाली तर स्वतःवर रागावू नका. या आठवड्यातला एक अर्धा तास ठरवा आणि घरच्यांना तो मोठ्याने सांगा. मनात ठरवलेल्या वेळेवर घरातलं कुणीही सहज डल्ला मारतं, मोठ्याने सांगितलेल्यावर जरा तरी विचार करतं.

आणि हो, ती मुलगी. मागच्या शनिवारी तिने आमच्या सोसायटीची गच्ची काढली. वर आकाश होतं, जांभळं. मी कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "हे किती वाजताचं आहे?"

"दीदी, तू ऑफिसमधून येते ना, तेव्हाचं," ती म्हणाली.

तुम्ही हे सगळं कसं जमवता, किंवा कुठे जमत नाही, ते मला जरूर कळवा. पुन्हा भेटू, पुढच्या लेखात.