औषधदानाचा हिशेब



मागच्या चातुर्मासात एका रात्री न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला. आवाज रडवेला. तिचा मोती तेरा वर्षांचा झालाय. मागचे पाय धरलेत, जिना चढवत नाही, रात्रभर कण्हतो. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, दर महिन्याला एक नवं इंजेक्शन. दुसरी, त्याला कायमचं झोपवणं. "आई, दुसरं माझ्याच्यानं होणार नाही. पण पहिलं कशापासून बनतं ते वाचलं आणि गोंधळले. आपल्यात बसतं का गं हे?"

मी अमरावतीला बी.कॉम. केलेली बाई. औषधातलं मला काय कळणार? "दोन दिवस दे," म्हटलं आणि वाचायला बसले.

त्या इंजेक्शनचं नाव लिब्रेला. ती एक अँटीबॉडी आहे, म्हणजे प्रतिपिंड. प्रतिपिंड आपल्याला नवं नाही. गाय व्याली की आमच्या घरी दहा दिवस तिचं दूध घेत नाहीत, म्हशीचं पंधरा दिवस. खरवस आमच्या चुलीवर कधी झालाच नाही. सासूबाई म्हणायच्या, तो चीक वासराचा. खरंच आहे ते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती त्याला आईच्या चिकातून मिळतात, आणि तीही पहिल्या दिवसातच अंगी लागतात. रोगाला ओळखून धरून ठेवणारी ही प्रथिनं.

आता माणसानं हेच प्रथिन हवं तसं घडवायला घेतलंय. मोतीच्या औषधातलं प्रतिपिंड जंतूला धरत नाही. दुखऱ्या सांध्यात जे प्रथिन मज्जातंतूंना दुखण्याचा निरोप देत राहतं, त्याला धरतं. घडण कुत्र्याच्या प्रतिपिंडाची, म्हणून ते फक्त कुत्र्यालाच चालतं. मांजरांसाठी वेगळं आहे, त्याला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली. कुत्र्यांचं युरोपात २०२० मध्ये आलं, अमेरिकेत २०२३ मध्ये.

मुलगी अडली ती पुढे. हे प्रतिपिंड हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार होतं. १९५७ मध्ये अमेरिकेत एका चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून पेशी घेतल्या, त्याच आजवर प्रयोगशाळेत वाढत आल्या आहेत. मोठ्या टाक्यांत त्या वाढवतात आणि त्यांच्याकडून प्रतिपिंड करून घेतात. दर इंजेक्शनामागे नवा प्राणी मारावा लागत नाही.

मग मी वहीत दोन रकाने केले, सवयच ती. नावे बाजूला लिहिलं: तो पहिला हॅमस्टर. औषध बाजारात येण्याआधी ज्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर ते तपासलं ते कुत्रे. ही बाजू कोरी आहे असं मी म्हणणार नाही. पण जमा बाजूही बघा. सापाच्या विषावरचं औषध आजही घोड्यांच्या रक्तातून काढतात. घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं, मग त्याचं रक्त काढायचं. आपल्या वऱ्हाडात सोयाबीन-कपाशीच्या वावरात पान लागलेली किती माणसं त्या घोड्यांच्या जिवावर वाचली! पिसाळलेला कुत्रा चावल्यावर द्यायचं सीरमही घोड्यांपासून करत आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मात्र २०१७ मध्ये रॅबिशिल्ड आणलं, ते टाकीत घडवलेलं प्रतिपिंड आहे, त्याला घोडा लागत नाही. ही विद्या वाढली तर घोड्यांचं ओझं हलकं होईल. मला तरी हे अहिंसेकडे टाकलेलं पाऊल वाटतं.

आमच्या नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "जनावराचं कर्म ते भोगतं, आपण कशाला मध्ये पडा?" मावशींचा मान राखून सांगते, मग चार दानांत औषधदान कशाला सांगितलं? आहारदान, ज्ञानदान, अभयदान यांच्या पंक्तीत ते बसलंय. आपण अभयदानाचा फार अभिमान धरतो. म्हातारी गाय कसायाला देत नाही, आजारी कुत्र्याला झोपवत नाही. योग्यच आहे. पण मरू देत नाही म्हटलं की त्याचं दुखणं आपल्या खात्यावर येतं. जीव राखला आणि कण्हत ठेवला, तर तो हिशेब अर्धाच राहिला.

अर्थात औषध दिलं म्हणजे सुटलो असंही नाही. लहानपणी नांदगाव पेठेत मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची. आज नातवाला दाखवायला एक नाही. गाईबैलांचं दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅक दिलं, ते मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये तशाच आणखी दोन औषधांवर. देणाऱ्यांच्या मनात दयाच होती. पण यत्नाचार नसेल तर दयेतूनही हिंसा घडते.

म्हणून मुलीला मी "दे" म्हटलं, आणि सोबत तीन गोष्टी सांगितल्या. हे औषध सांधा बरा करत नाही, फक्त दुखणं दाबतं, तेव्हा वजन आणि चालणं सांभाळ. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं डॉक्टरांना पत्र पाठवून सावध केलंय. काही कुत्र्यांची चाल डळमळली, काहींना झटके आले, काहींचा लघवीवरचा ताबा गेला, काही दगावलेही. तेव्हा डॉक्टरांना आधी नीट विचार आणि रोजचं वहीत लिही. तिसरं, शेवट आला की त्याच्याजवळ बस, णमोकार म्हण, घाई करू नकोस.

मोती आता दारापर्यंत चालत जातो. जिना अजून चढत नाही. मुलगी रोज लिहिते.

आणि आपण? गोशाळेच्या फळ्यावर चाऱ्याच्या देणगीचे आकडे असतात, औषधाचा रकाना मी कुठं पाहिला नाही. असलं महागडं इंजेक्शन नका आणू. पण महिन्यातून एकदा जनावरांचा डॉक्टर, पाय धरलेल्या गाईला गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम, बसायला कोरडी मऊ जागा, एवढं जमेल. यंदाच्या पर्युषणात माझी पावती मी त्या रकान्यात फाडणार आहे. रकाना नसेल तर आधी तो आखून घेईन.