आठ वल्हीं, एक ताल

बारामती-इंदापुराकडील मुलांस आम्ही नौकांच्या शर्यतीच्या गोष्टी सांगूं लागलों, तर वडील मंडळी हंसतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या मुलखांत उन्हाळ्यांत प्यावयाच्या पाण्याचीहि वाट पाहावी लागते, तेथें वल्ह्यांचा खेळ कोठून आणावा? परंतु हाच प्रश्न नीट तपासून पाहावा, असें आमचें नम्र मत आहे.

विलायतेंत ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची नौकाशर्यत १८२९ सालीं प्रथम झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पाहावयास टेम्स नदीच्या दोन्ही तीरांवर अफाट गर्दी लोटत असे. नावेंत आठ वल्हेकरी व एक कर्णधार. आठांच्याहि पाठी मुक्कामाकडे. पुढचें दिसतें तें एकट्या कर्णधारास. प्रत्येकाच्या हातीं एकच वल्हें. एकानें बळाच्या घमेंडींत क्षणभर आधीं ओढलें, तरी नाव डगमगते व वेग मोडतो. सोबत्यांशीं जुळवून घेईल, त्याचेंच बळ येथें कामीं येतें.

ही विद्या केवळ विलायतेची नव्हे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजाचा बोट क्लब १९२८ सालीं निघाला, आणि मुळेच्या पाण्यावरील तेथील विद्यार्थ्यांचा रेगाटा प्रसिद्धच आहे. नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या अवर्षणग्रस्त गांवचे श्री. दत्तू भोकनळ यांनीं तरुणपणीं वडिलांबरोबर विहिरी खोदल्या. सैन्यांत गेल्यावर त्यांनीं वल्हें हातीं धरलें. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत त्यांचा तेरावा क्रमांक आला, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या नौकेंत त्यांस सुवर्णपदक मिळालें. दुष्काळी गांवच्या मुलास पाणी परकें नसतें, याहून अधिक पुरावा तो कोणता?

आतां आपल्या दारीं पाहूं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, आणि भीमेचें पाणी इंदापूर तालुक्यांत दूरवर पसरलें. पळसदेवचें जुनें देऊळ त्यांत बुडालें. पाणी ओसरलें कीं तें पुन्हां दिसतें. या पाण्यावर मासेमारी चालते व अलीकडचे लोक होडीनें पलीकडे जातात. २१ मे २०२४ रोजीं कुगांव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यानें एक होडी उलटली, आणि सहा जीव गेले. त्या घरांचें दुःख आठवलें कीं लेखणी थांबते.

कोणी म्हणेल, म्हणूनच मुलांस पाण्यापासून दूर ठेवावें. आम्हांस हें पटत नाहीं. विहीर शेतांत आहे, नीरेचा कालवा रस्त्यालगत आहे, उजनी अंगणापुढें आहे. मुलांस दूर ठेवणार तरी कोठें? भीति बुडणाऱ्यास तारीत नाहीं. शिक्षण तारूं शकतें. ३० मार्च १९१२ रोजीं सोसाट्याचा वारा सुटला असतां केंब्रिजची नाव बुडाली व ऑक्सफर्डचीहि पाण्यानें भरली. शर्यत रद्द करून दोन दिवसांनीं पुन्हां घ्यावी लागली. कसलेल्या वल्हेकऱ्यांसहि वाऱ्यापुढें थांबावें लागलें! कधीं निघूं नये, हें कळणें हा या विद्येचा पहिला धडा होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मुलास व मुलीस जाणत्यांच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकवावें. त्यानंतरच, शांत हवेंत, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट घालून, वल्हीं हातीं द्यावीं. शिकवावयास आपल्याच तीरावरच्या अनुभवी मासेमारांस मानानें बोलवावें. या पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कोणास ठाऊक? पालकांनीं होडींत पाऊल टाकण्यापूर्वीं जॅकेट मागावें, आणि तें नसेल तर मागें फिरावें. त्यांत कमीपणा नाहीं.

शर्यत पुढें होईल किंवा न होईल. परंतु बालमित्रहो, आठ जणांनीं एका तालावर वल्हें मारावयास शिकणें, आणि वारा फिरतांच कर्णधाराचा शब्द मानून तीर गांठणें, एवढें जरी साधलें, तरी उजनीचें पाणी तुम्हांस वैरी न राहतां शेजारी होईल.