अकरा पातळे आणि एक पातेले

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एक मोहीम निघते. तिचे नाव माळा. या मोहिमेत शिडी धरून उभे राहण्याचे काम तेवढे माझ्याकडे असते. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती टाकायची हे ठरवण्याची माझी पात्रता नाही, असा निकाल आमच्या घरात पूर्वीच लागलेला आहे. तो का लागला, हे आज वाचकांना सांगून टाकावे म्हणतो. दिवाळीत घर झाडायचे, तर मनाचा एखादा कोपराही झाडून घ्यावा.

गोष्ट गेल्या वर्षीची. मी शिडी धरून उभा असताना आमच्या आठवीतल्या कन्येने विचारले, "बाबा, गोधडीची नक्षी कुठून आणायची?"

कुठल्याशा प्रदर्शनात तिने रंगीबेरंगी गोधड्या पाहिल्या होत्या आणि तशी एक आपल्या हातांनी शिवायचीच, असा तिचा निश्चय झाला होता. वास्तविक मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न विचारू नये. शहाणा मनुष्य अशा वेळी सुई शोधतो. प्राध्यापक ग्रंथालय शोधतो. त्याप्रमाणे मी आठवडाभर पुस्तके चाळली आणि रोज रात्री जेवताना कन्येपुढे एकेक व्याख्यान वाढले.

पहिल्या दिवशी अर्थातच शब्द. गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटे. संस्कृतात कंथा म्हणजे ठिगळे जोडून केलेले संन्याशाचे वस्त्र. आपल्याकडे गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, ते अंगावरच्या अशाच ठिगळांमुळे. म्हणजे एकच वस्तू विरक्ताच्या खांद्यावर आणि संसारी माणसाच्या अंथरुणावर. इतकी मजल शालूला कधी मारता आली नाही!

दुसऱ्या दिवशी बंगाल. त्याच शब्दाचा तिथे काँथा झाला. जुन्या साड्यांचे थर एकावर एक पसरायचे, काठांतले रंगीत दोरे उसवून काढायचे आणि त्याच दोऱ्यांनी साध्या धावदोऱ्यात चित्रे भरायची. मध्यभागी फुललेले कमळ, चार कोपऱ्यांत चार झाडे आणि उरलेल्या जागेत हत्ती, होड्या, पालख्या, जे दिसेल ते. जसीमउद्दीन या कवीने १९२९ साली अशा एका काँथ्यावर अख्खे कथाकाव्य लिहिले. त्यातली नायिका आपल्या सुखदुःखाची सारी कहाणी काँथ्यावर टाचते आणि तो आपल्या कबरीवर पसरायला सांगून डोळे मिटते.

तिसऱ्या दिवशी बिहार. मुझफ्फरपूरकडच्या भुसुरा गावातली सुजनी. तिचे मूळ नव्या बाळासाठी जुन्या मऊ कापडांचे दुपटे शिवण्यात. पुढे बायका तिच्यावर आपले रोजचे जिणे टाचू लागल्या आणि २००६ साली सुजनीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

चौथ्या दिवशी मी घराजवळ आलो. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीज आमदानीत गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेकजण पळून घाटावरच्या रानात शिरले. त्यांचे हे वंशज. त्यांची बोली आपल्या कोकणीच्या नात्यातली. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि कडेकडेने फिरत मध्याकडे जायचे. लाल, पिवळे, निळे तुकडे हाताला येतील तसे. कोणाच्या कवंदीत क्रूस, कोणाच्या चंद्रकोर. पण चारी कोपऱ्यांना तुकड्यांच्या त्रिकोणी घड्यांची फुले हवीतच. त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कवंदी नागडी समजतात. हे ऐकून कन्या जेवायची थांबली. मला वाटले, व्याख्यान रंगले!

पाचव्या दिवशी मात्र मी स्वतःच जेवायचा थांबलो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात, नदीच्या एका वळणात, जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवत आल्या. घर गरम राहावे एवढाच हेतू. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कला त्या भिंतीवर लागल्या, तेव्हा आधुनिक चित्रकला पाहायची सवय असलेले लोक चकित झाले. २००६ साली तिथल्या टपालखात्याने त्यांतल्या दहा गोधड्यांची तिकिटे काढली. त्या वस्तीतल्या मिझूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. १९४२ साल होते. तिने मुलीला हाताशी घेतले, नवऱ्याचे शेतावर घालायचे कपडे फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. ती पांघरली की तो जवळ आहे असे वाटावे म्हणून. फिकट निळे, राखी, मळके पांढरे पट्टे, गुडघ्यापाशी विरलेले, शिवणीपाशी मात्र गडद राहिलेले. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

"मग आपण आजीच्या पातळांची करू या ना!" कन्या म्हणाली.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी आमटीकडे पाहिले.

वाचकहो, आता कबुलीजबाब. आई गेली त्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. तिच्या कपाटात नेहमीच्या वापरातली अकरा सुती पातळे होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. एका रविवारी घरात मी एकटा असताना दारावर बोहारीण आली. आपल्याला घासाघीस करता येत नाही, हा घरातला समज खोडून काढायची संधी मला त्यात दिसली. मी तासभर वाद घातला. "साहेब, पातळं जुनी हाईत," म्हणून बोहारीण दोनदा टोपली उचलून निघाली, दोनदा मी तिला परत बोलावले आणि शेवटी अकरा पातळांवर स्टीलचे एक मोठे पातेले झाकणासकट मिळवले. संध्याकाळी विजयी मुद्रेने ते सौभाग्यवतींपुढे ठेवले. त्यांनी झाकण लावून पाहिले. ते बसत नव्हते.

तेवढ्यावर भागले असते, तर ही विनोदी गोष्ट झाली असती. वर्षश्राद्धाला कराडहून ताई आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सगळे आटोपल्यावर ती आईचे कपाट उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "पातळं कुठं आहेत?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. कपाट लावले, पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. त्या वर्षी भाऊबिजेला तिचे गुडघे दुखत होते. पुढच्या वर्षी दाजींना कुठे लग्नाला जायचे होते. दोन भाऊबिजा ओवाळणीवाचून गेल्या. फोनवर ती बोलायची, पण पाऊसपाणी, तब्येतपाणी एवढेच. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. इथे आभाळ कुठले फाटायला. अकरा पातळांचा तर प्रश्न! पण तेवढे ठिगळही मला लावता येत नव्हते.

तर ही अशी मंडळी आमटीकडे पाहत असताना शनिवार उजाडला आणि माळ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून चादरीत बांधलेले एक बोचके खाली आले. आत वाकळ होती. लहानपणी आम्ही दोघे भावंडे जिच्याखाली एकमेकांना लाथा मारत झोपायचो, ती. वजनाला जड, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. "ही टाकायची का?" असे वरून विचारले गेले आणि टाकण्याच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे "नाही" म्हणालो.

कारण कुरतडलेल्या जागी मला हिरवे काहीतरी दिसले होते. वाकळ विरली की जुन्या घरात तिला टाकत नसत. वरून नवे कापड घालून पुन्हा टाके घालत. त्यामुळे आत थरांवर थर साठत जातात. सगळ्यात वर नव्वद सालाच्या सुमाराचे छापील कापड. त्याखाली वडिलांचे धोतर. त्याखाली आजीचे डाळिंबी इरकली लुगडे. आणि धोतर नि लुगडे यांच्यामध्ये बारीक पानांचे हिरवे पातळ. शाळेच्या पहिल्या दिवशी आई मला सोडायला आली तेव्हा नेसलेले. त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी मी त्याचाच पदर धरून बसलो होतो आणि तो सोडवून घ्यायला तिला फार वेळ लागला होता.

भाऊबिजेला मी बोलावण्याची वाट न पाहता वाकळ काखोटीला मारून कराड गाठले. बरोबर कन्या होती. ढालीचे काम ती बरे करते.

ताईने दार उघडले, बोचक्याकडे पाहिले. मी काही भाषण तयार केले होते, ते राहून गेले. तिने वाकळ ओसरीवर पसरली आणि अंगठा टाक्यांवरून फिरवत गेली. एका जागी थांबली. "हे आजीचे टाके." मग पुढे, "आणि हे आईचे. बघ, उलट्या बाजूला कलतात. डावखुरी होती ना." मी भाषेचा मनुष्य; हस्ताक्षर ओळखतो असा माझा लौकिक. पण आईचे हे अक्षर मला वाचता येत नव्हते.

"आत्या, नक्षी कुठून आणायची?" कन्येने पुन्हा तोच प्रश्न टाकला.

"आणायची कशाला? कापडं असतात तीच सांगतात," ताई म्हणाली आणि माझी पाच व्याख्याने एका वाक्यात निकालात निघाली.

मग तिने ट्रंक उघडून चिंध्यांचे गाठोडे काढले आणि धडा सुरू झाला. तो मी वहीत उतरवून घेतला आहे, तो असा. आजीचे लुगडे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांची चौघडी होते आणि पन्ना एकट्या माणसाला पुरतो. नवे कापड कधीही धुतल्याशिवाय जुन्यावर लावू नये. ते पहिल्या पाण्यात आटते, रंग सोडते आणि जुन्याला ओढून फाडते. तुकडे आधी जमिनीवर मांडायचे आणि स्टुलावर उभे राहून, डोळे किलकिले करून पाहायचे. दोन गडद तुकडे शेजारी आले की तिथे खड्डा पडल्यासारखा दिसतो. मध्ये एक फिका टाकायचा. कड सगळ्यात आधी विरते, म्हणून चौकटीला लुगड्याचे काठ. सगळे थर आधी लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरून घ्यायचे, मग कडेपासून आत आत चौकोन लहान करत जायचे. दोरा हातभरच घ्यायचा; लांब घेतला की गुंततो. मधल्या बोटात अंगुस्तान घालायला लाजायचे नाही.

कोपऱ्यांत काय घालायचे, यावर आत्या आणि भाची यांची थोडी चकमक झाली. कन्येला सिद्द्यांची फुला हवी होती. ताईने ओटीतल्या खणाची त्रिकोणी घडी घालून दाखवली. दोन्ही घड्या शेजारी ठेवल्या, तर तो एकच त्रिकोण. यल्लापूरच्या रानातली बाई आणि कराडची आमची ताई यांनी एकमेकींना विचारलेले नव्हते.

वाकळ उसवायची नाही, तिला कात्री लावायची नाही, नुसता वरून एक नवा थर द्यायचा, असे ठरले. हिरवे पातळ आत आहे तिथेच राहील. उंदराने खाल्लेल्या जागेपुरते एक ठिगळ ताईने तिथल्या तिथे लावले. मला काम मिळाले सुयांत दोरे ओवण्याचे. ताईला आता चष्मा लावूनही सुईचे नेढे दिसत नाही. मी ओवत होतो, ती टाके घालत होती. दोन वर्षांचे बोलणे आम्ही त्या दुपारी बोललो असे नव्हे. फारसे बोललोच नाही. पण दोरा संपला की ती न पाहता हात पुढे करी आणि मी त्यात सुई देई.

निघताना मी भीतभीत विचारले, "ताई, ही राहायची कुणाकडे? सहा महिने तू, सहा महिने मी?"

"थंडी माझ्याकडे," ती म्हणाली. "तुझ्याकडे काय, पातेलं आहे."

ती हसली नाही. पण दोन वर्षांत त्या पातेल्याचा उच्चार तिने प्रथमच केला होता, आणि उच्चार झाला की अर्थ मवाळ होऊ लागतो, हे भाषेचा मास्तर म्हणून मी खात्रीने सांगतो.

गेल्या वर्षभरात वाकळीने कराड-पुणे अशा तीन फेऱ्या केल्या. नवरात्राच्या आधी ती धुऊन उन्हात घातली, तेव्हा बिल्डिंगमधल्या चार बायका नक्षी पाहायला आल्या आणि "डिझाइन कुठलं?" म्हणून विचारून गेल्या. कन्येने आत्याचेच उत्तर त्यांना दिले. तिच्या टाक्यांचे दोन चौकोन वाकडे आहेत. ताईने ते उसवू दिले नाहीत. पुढे कोणीतरी अंगठा फिरवून ओळखील, म्हणाली.

या भाऊबिजेला ताई आमच्याकडे येणार आहे. आठ दिवसांपूर्वीच तिचा फोन आला: बासुंदी करा, आणि ती त्याच पातेल्यात आटवा.

सौभाग्यवतींनी पातेले घासून ठेवले आहे. झाकण अजून बसत नाही. पण बासुंदीला झाकण लागते कुठे?